ऱ्हास म्हणजे नेमकं काय? आणि ऱ्हस्वशी त्याचं काही नातं आहे का?

पिंपळपार
नमस्कार मंडळी, लेकीमुळे एक शब्द चार दिवस डोक्यात घुमतोय म्हणून हा धागा काढतोय. ती सातवीत आहे, पर्यावरणाचा ऱ्हास असा निबंध होता आणि तिने सगळीकडे 'ह्रास' लिहिलं, कारण हिंदीच्या पुस्तकात तसं छापलेलं होतं, तर मराठीच्या बाईंनी सहा ठिकाणी लाल गोल केले. मार्क गेले त्याचं तिला फार नाही वाटलं पण एकच शब्द एका तासाला बरोबर आणि पुढच्या तासाला चूक कसा, हे काही तिला पटेना. मी म्हणलं अगं मराठीत तो तसाच लिहितात. हे काही उत्तर नाही हे मलाही कळत होतं.

मग रात्री जेवताना तिनेच विचारलं, बाबा, ऱ्हस्व वेलांटीतला ऱ्ह आणि ऱ्हासातला ऱ्ह एकच ना, मग हे दोन शब्द भाऊभाऊ आहेत का? मी घास हातात धरून गप्प. चाळीस वर्षं दोन्ही शब्द वापरतोय आणि शेजारी ठेवून कधी बघितलेच नव्हते. मी आपला ऱ्हास म्हणजे नाश एवढंच समजत आलो. पण नाश आणि ऱ्हस्व यांचा काय संबंध असणार? जाणकारांनी जरा सांगा, तिला सांगायचंय आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा जास्त मलाच हवंय.

राईनकाठ
धागा छान. मला अर्थाचं काही सांगता येणार नाही पण एक अडचण इथेच विचारतो. माझ्या कीबोर्डवर तो अर्धा र येतच नाही, र्हास असा उमटतो, रफार डोक्यावर जाऊन बसतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला राहून अकरा वर्षं झाली, ज्या नदीकाठी राहतो तिचं नावसुद्धा मराठीत नीट लिहिता येत नाही, म्हणून आयडीसुद्धा असा घेतलाय. कोणाला माहीत असेल तर सांगा.

अनुस्वार
पिंपळपार, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं, असा प्रश्न वर्गात मला दोनदाच कोणी विचारला असेल.

आहेत, भाऊच आहेत. संस्कृतात ह्रस् असा धातू आहे, अर्थ आखूड होणं, लहान होणं, कमी होणं. त्यावरून ह्रस्व म्हणजे आखूड आणि ह्रास म्हणजे आखूड होण्याची क्रिया. लघु, लघीयस्, लघिष्ठ असं जसं होतं तसंच ह्रस्वाचं ह्रसीयस् आणि ह्रसिष्ठ होतं, म्हणजे अधिक आखूड आणि सगळ्यात आखूड. व्याकरणात हा शब्द किती जुना आहे बघा, पाणिनीचं सूत्रच आहे 'ऊकालोऽज्झ्रस्वदीर्घप्लुतः'. संधीमुळे ह्रस्वाचा इथे झ्रस्व झालाय. त्यात उ, ऊ आणि त्याहून लांबवलेला ऊ अशी तीन मापं आहेत, एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा. पाठशाळेत हे शिकवताना कोंबड्याच्या आरवण्याची आठवण करून द्यायचे, कोंबडा आधी आखूड मग लांब मग खूप लांब असा सूर काढतो, म्हणून म्हणे पाणिनीने इथे अ न घेता उ घेतला.

आता आखूड होण्याचा अर्थ अवनतीकडे कसा गेला. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात युगांचं वर्णन आहे, कृतयुगात माणसं चारशे वर्षं जगत आणि पुढे त्रेतापासून 'आयुर्ह्रसति पादशः', म्हणजे प्रत्येक युगात आयुष्य एकेक पावाने आखूड होत जातं. चारशे, तीनशे, दोनशे, शंभर. इथे ह्रसति हे क्रियापद अगदी शब्दशः आहे, दोरी आखूड होते तसं आयुष्य आखूड होतंय, आणि त्याच वेळी ते सबंध काळाच्या घसरणीचं वर्णनही आहे. माझ्या मते या शब्दाचे दोन्ही अर्थ एका ओळीत एकत्र बघायला मिळतात असं याहून चांगलं उदाहरण नाही.

म्हणून नाश आणि ऱ्हास एक नव्हेत. नाशात वस्तू दिसेनाशी होते, नश् धातूचा अर्थच तो. ऱ्हासात वस्तू असते, फक्त कालच्यापेक्षा आखूड असते.

कापूसकोंड्या
अनुस्वार सर खूप छान समजावलंत, पण मी तर लहानपणापासून वेगळंच समजत होतो. आमच्याकडे यवतमाळ भागात हर्रास हा शब्द रोजचा आहे, बाजाराचा हर्रास, तलावाचा हर्रास, रेतीघाटाचा हर्रास, म्हणजे लिलाव. गावात एखाद्या मोठ्या घराण्याचं कर्ज थकलं की घरादाराचा हर्रास व्हायचा, ढोल वाजवून बोली लागायची, लोक ओट्यावर उभे राहून बघायचे, बायका आतून दार लावून घ्यायच्या. मग पुस्तकात घराण्याचा ऱ्हास झाला असं वाचलं की मला तो ढोलच ऐकू यायचा. मला वाटायचं की हर्रासचाच शुद्ध शब्द ऱ्हास. चूक आहे का हे?

अनुस्वार
चूक आहे पण का झाली ते अगदी समजण्यासारखं आहे, अर्थ किती जवळ येऊन बसलेत. हर्रास हा अरबीतून उर्दूमार्फत आलेला, हर्राज म्हणजे जाहीर लिलाव. विदर्भ मराठवाड्याच्या बाजूला निजामी आणि मोगलाई कारभारामुळे तो टिकला. इकडे कोकणात देशावर आपण लिलाव म्हणतो तो पोर्तुगीजांकडून आलेला. म्हणजे बोली लावून घर विकायला एक शब्द समुद्रातून आला आणि एक जमिनीवरून. ऱ्हास मात्र या दोघांचाही कोणी लागत नाही.

गोदातीर
मराठवाड्यातून मीपण एक भर घालते. आमचे एक चाचा होते शेजारी, ते कायम खौफ-ओ-हिरास म्हणायचे, तेव्हा मलाही वाटायचं हिरास म्हणजे आपला ऱ्हास असणार. नंतर कळलं की फारसीत हिरास म्हणजे भीती. आणि पोलीस हिरासत मधला हिरासत आणखी वेगळा, तो अरबी, राखण करणे या अर्थाचा. एका आवाजाचे किती शब्द शेजारी शेजारी राहतात आणि कोणाचं कोणाशी नातं नसतं, हे मला फार आवडतं.

शुद्धपत्र
चर्चा चांगली चालू आहे पण मूळ मुद्दा सगळे सोडून देतायत. मुलीने ह्रास लिहिलं ते बरोबर होतं! वर सरांनीच सांगितलं धातू ह्रस् आहे, आधी ह मग र. तत्सम शब्द मुळाबरहुकूम लिहायचे असा आपल्याकडे नियम आहे ना? मग मराठीत र आधी आणि ह नंतर हा उलटा प्रकार कशासाठी. बोलताना जीभ वळत नाही म्हणून लोकांनी अक्षरं फिरवली आणि आपण तेच प्रमाण मानून मुलांच्या वहीत लाल गोल करतो. मला तर ऱ्हास असं लिहिणं हाच भाषेचा ऱ्हास वाटतो आणि हे मी गंमत म्हणून नाही म्हणत, प्रूफरीडिंग करून डोळे गेलेत माझे, भाषेची काळजी वाटते म्हणून सांगतो.

उच्चारण
शुद्धपत्र, तुमची कळकळ पोचली, पण यात जीभ वळत नाही असा प्रकार नाहीये, जीभ कुठे वळायची ते मराठीने ठरवलेलं आहे आणि अगदी शिस्तीत ठरवलेलं आहे. मी भाषाशास्त्र शिकतेय त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

संस्कृतात जिथे जिथे ह आधी आणि मग न म ल व र असं जोडाक्षर आहे ते सगळे शब्द मराठी माणूस कसे म्हणतो ते मोठ्याने म्हणून बघा. चिह्न, आपण म्हणतो चिन्ह. मध्याह्न, मध्यान्ह. जाह्नवी, जान्हवी. वह्नि, वन्ही. प्रह्लाद, प्रल्हाद. आह्लाद, आल्हाद. जिह्वा, जिव्हा. विह्वल, विव्हळ. आह्वान, आव्हान. ब्राह्मण लिहितो तसा पण बोलताना ब्राम्हण. आणि मग ह्रास चा ऱ्हास आणि ह्रस्व चा ऱ्हस्व. एकही अपवाद नाही हो यात! चुकून झालेली गोष्ट इतकी नियमाने होत नाही.

याचं कारण असं की मराठीत न्ह म्ह ल्ह व्ह ऱ्ह हे सुटे दोन वर्ण एकमेकांना चिकटवलेले नाहीत, ते ख घ भ सारखे एकसंध हकारयुक्त आवाज आहेत. म्हैस, न्हाणं, ल्हान, म्हातारा, कुऱ्हाड, वऱ्हाड, गिऱ्हाईक. ग्राहकाचा गिऱ्हाईक कसा झाला बघा, ह ने उडी मारून र ला गाठलं. करहाटकाचं कऱ्हाड झालं तिथेही तेच. परक्या तरहची तऱ्हा झाली. आपल्या भाषेला हे आवाज इतके घरचे आहेत की बाहेरचा शब्द आला की तो याच साच्यात बसतो.

आणि हे एकसंध आहेत याचा पुरावा वृत्तांमध्ये आहे. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं हे आपण शाळेत शिकतो, दर्प म्हणताना द वर जोर येतो. पण कुऱ्हाड म्हणताना कु वर जोर येतो का? नाही येत, तो लघुच राहतो. पुन्हा मधला पु तसाच. म्हणजे कवितेच्या मापालासुद्धा ऱ्ह आणि न्ह हे जोडाक्षर वाटत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून पाच मिनिटं कुऱ्हाड कुऱ्हाड म्हणत होते.

अजून एक, ही अक्षरांची उलटापालट काही मराठीने नव्याने काढलेली नाही. यास्काने निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या त्याच्या प्राचीन ग्रंथात, शब्दाची आधीची आणि शेवटची अक्षरं जागा बदलतात असं नोंदवून ठेवलंय, म्हणजे हे त्या काळीही दिसत होतं. आणि नेमका आपलाच शब्द घ्या, पालीत ह्रस्वाचं रस्स होतं, तिथे तर ह पार गळूनच गेला. ह्रद म्हणजे खोल पाणी, त्याचं पालीत रहद, र पुढे ह मागे. प्राकृतात त्याचंच द्रह आणि दह होतं आणि तिथून आपला डोह. कालियाडोहातला डोह. शब्दाच्या सुरवातीचा हा ह्र लोकांच्या तोंडात कधी टिकलाच नाही, दोन हजार वर्षांहून जास्त काळ तो जागा बदलतोय.

मांडवीकाठ
उच्चारणताई, आमच्या कोंकणीत तर हा ह आणखी पुढे धावतो! माझं ते म्हजें, लहान ते ल्हान, वडील मोठा तो व्हड, नदी ती न्हंय, नेसणं ते न्हेसप, निजप ते न्हिदप, महाग ते म्हारग. नदी मध्ये तर ह नाहीच मुळात, तरी न्हंय. माझी आजी मराठी पेपर मोठ्याने वाचायची तेव्हा ऱ्हास शब्दावर कधी अडली नाही पण ब्राह्मण शब्द तिने कधीच लिहिल्यासारखा वाचला नाही. हे वाचून आज तिची फार आठवण आली.

शुद्धपत्र
उच्चारण, यादी वाचली, दोनदा वाचली. चिन्ह मी स्वतः आयुष्यभर चिन्ह असंच लिहिलंय आणि कोणी चिह्न लिहिलं तर खुणा केल्यात हे कबूल करतो. तेव्हा ऱ्हासाला वेगळा न्याय लावता येणार नाही, हेही कबूल. पण मग ब्राह्मण, ब्रह्म, अपराह्ण हे का जुन्या पद्धतीने लिहायचे? एक तर सगळे बोलतो तसे लिहा नाही तर सगळे मुळासारखे लिहा. मुलांना नेमकं काय सांगायचं.

उच्चारण
हे मात्र तुमचं खरं आहे. लिहिण्यात एकसारखेपणा नाहीये. जे शब्द पूजापाठात आणि ग्रंथांत रोज डोळ्यासमोर राहिले ते जुन्या स्पेलिंगमध्ये टिकले आणि जे बोलण्यात जास्त आले ते आपल्या उच्चारासारखे झाले असा माझा अंदाज आहे. मुलीला मी सांगेन की हिंदीने शब्द मुळासारखा लिहायचा ठरवला, मराठीने आपल्या तोंडासारखा लिहायचा ठरवला, शब्द तोच. वहीत त्या त्या भाषेचा ठराव पाळायचा.

आणि अर्धा र बद्दल, हा डोळ्याच्या पापणीसारखा र नुसता शोभेचा नाहीये, त्याने अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यास जेवू घातलं आणि आचाऱ्यास जेवू घातलं, दोन वेगळी माणसं जेवली. @राईनकाठ, इनस्क्रिप्ट असेल तर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग यू. फोनवर र दाबून धरा, खाली टिंब असलेला ऱ दिसेल, तो घ्या मग पाय मोडा मग ह.

नाडीपरीक्षा
मी आयुर्वेदाची वैद्य आहे. आमच्याकडे ह्रास शब्द पहिल्या वर्षाला येतो आणि त्यात वाईट असं काहीच नसतं, हे सांगायला लॉगिन केलं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात श्लोक आहे, 'सर्वदा सर्वभावानां सामान्यं वृद्धिकारणम्, ह्रासहेतुर्विशेषश्च'. म्हणजे सारख्याने सारखं वाढतं आणि वेगळ्याने, उलट गुणाच्या गोष्टीने, ते कमी होतं. तूप, लोणी, गोड खाल्लं की मेद वाढणार कारण गुण सारखे. रूक्ष, हलकं खाल्लं, कष्ट केले की त्याचा ह्रास होणार. वृद्धी आणि ह्रास ही नुसती मापाची जोडी आहे, वाढणं आणि कमी होणं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटना मेदाचा ह्रासच हवा असतो आणि तो झाला की ते मला पेढे आणून देतात. (मी घेत नाही, पण आणतात.)

तर हा शब्द नेहमी दुःखाचाच का झाला मराठीत? मूल्यांचा ऱ्हास, भाषेचा ऱ्हास, जंगलांचा ऱ्हास. कर्जाचा ऱ्हास झाला असं कोणी आनंदाने म्हणत नाही. म्हणायला हवं खरं तर.

खातेवही
मी सीए. तुमचं वाचून लक्षात आलं की अकाऊंट्समध्येसुद्धा मराठीने ऱ्हास बाजूला ठेवलाय. मशीन, फर्निचर, गाडी यांची किंमत दरवर्षी कमी होते त्याला हिंदीत मूल्यह्रास म्हणतात, मराठीत आपण घसारा म्हणतो. हिंदीत उपयोगिता ह्रास नियम, आपल्याकडे घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. म्हणजे हिंदीने हा शब्द ऑफिसात कामाला लावला आणि मराठीने तो मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवला. खुर्चीचा ऱ्हास आपल्या तोंडातून निघणारच नाही. खुर्ची झिजते, मोडते, खिळखिळी होते. ऱ्हास व्हायला ती गोष्ट मुळात विपुल असावी लागते, जंगल, राज्य, परंपरा असं काहीतरी. घसारा हा शब्द मला मनापासून आवडतो, घासून घासून कमी होणं त्यात ऐकू येतं.

कृष्णाकाठ
मी शेतकरी, सांगली जिल्हा. इथं सगळे शिकलेले लोक लिहितायत, मी बोलतो तसं लिहितो. आमच्यात ऱ्हास हा शब्द कोण बोलत नाही. भाषणात ऐकतो, पेपरात वाचतो. आमच्याकडं ज्याचं त्याचं वेगळं असतं. जनावर खंगतं. गाय आटते म्हणजे दूध बंद होतं, विहीरबी आटते. घर मोडकळीला येतं. कापड विरतं. पूर ओसरतो. माणूस थकतो, झिजतो. आणि जमिनीचा कस उतरतो. सगळ्याला मिळून एक शब्द कशाला पायजे असं मला वाटायचं.

पण वर सरांनी आखूड होणं असा अर्थ सांगितला ना तो वाचून मी दोन दिवस गप होतो. आमच्या रानाचं सांगतो. वडलांच्या काळात कालवा आला, पाणी मिळालं, ऊस लावला. पाणी मोकाट दिलं, सगळ्यांनीच दिलं, पाण्याचा निचरा व्हायला चर काढायला पायजे होता तो कोण काढला नाही कारण चर काढायचा म्हणजे शेजाऱ्याच्या रानातनं न्यावा लागतो आणि भांडणं होतात. मग खालचं क्षार पाण्याबरोबर वर आलं. हे एका दिवसात होत नाही. पहिल्यांदा काय होतं माहिताय, उसाची कांडी आखूड पडते. ऊस उभा असतो, हिरवा असतो, लांबनं बघणाऱ्याला काय कळत नाही, पण दोन पेरांमधलं अंतर कमी झालेलं असतं. आमचं आजं बांधावर उभं राहून नुसतं कांडी हातात धरून सांगायचं, वीतभराची कांडी आता चार बोटावर आली, रान बिघडतंय. आम्ही त्यावेळी ऐकलं नाही. मग दोनचार वर्षांनी उगवणच विरळ झाली, मग वर पांढरा पापुद्रा दिसायला लागला, मग ते रान चोपण झालं, पाय टाकला की पावसाळ्यात रुततो आणि उन्हाळ्यात दगड. आता तिथं निचऱ्याच्या पाईपा गाडून घेतल्यात, खर्च खूप आहे, चार पाच गटांनी एकत्र येऊन केलं, तीन वर्षं झाली, यंदा कांडी जरा लांब पडली.

म्हणजे शब्द बरोबरच आहे. आमचं आजं ऱ्हासच मोजत होतं कांडीवर, त्याला शब्द म्हाईत नव्हता एवढंच.

अनुस्वार
कृष्णाकाठ, नमस्कार करतो तुम्हाला. तीस वर्षं ह्रसति या क्रियापदाला मी उदाहरण म्हणून दोरी आणि सावली सांगत आलो. यापुढे कोणी विचारलं तर उसाची कांडी सांगेन.

गोदातीर
कृष्णाकाठदादा, अंगावर काटा आला वाचून. माझ्या माहेरी आंब्याचं झाड वठायच्या आधी असंच पानं बारीक येत होती, आईने ओळखलं होतं.

एक विचारायचं राहिलं, उतरती कळा मधली कळा कोणती? बाळंतपणाच्या कळा म्हणजे दुखणं, तीच का? आमच्याकडे तसंच समजतात, की दुखणी मागे लागली.

उच्चारण
नाही ताई, ती दुखण्याची कळ, तिचं अनेकवचन कळा. उतरती कळा मधली कळा एकवचनी आहे आणि ती चंद्राची आहे. संस्कृत कला म्हणजे चंद्रबिंबाचा सोळावा भाग, दोन स्वरांमधल्या ल चा मराठीत ळ होतो, म्हणून कळा. शुद्ध पक्षात चढती आणि वद्य पक्षात उतरती. त्यावरूनच पुढे कळा म्हणजे तेज, चेहऱ्यावरची झळाळी असाही अर्थ आला, म्हणून तेज गेलं की अवकळा आणि मेल्यासारखा चेहरा झाला की प्रेतकळा. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी असं म्हटलंय ना, 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः', ती याच्या बरोबर उलटी बाजू, चढती कळा.

मला या दोन शब्दांतला फरक महत्त्वाचा वाटतो. उतरत्या कळेला अमावास्येनंतर परत चढायची सोय आहे कारण तो चंद्र आहे. ऱ्हासाला तशी आपोआप सोय नाही, मनुस्मृतीतल्या आयुष्यासारखं ते पावपाव आखूडच होत जातं. कृष्णाकाठ काकांनी पाईप गाडले म्हणून कांडी लांब पडली, तिथी बदलली म्हणून नाही.

आणि वाताहत पण बघा, वात अधिक आहत, वाऱ्याने झोडपलेलं. ते एका वादळात होतं. ऱ्हास होताना वारा वगैरे काही ऐकू येत नाही.

कापूसकोंड्या
माझ्या मनातला ढोल आता कसा काढू सांगा. पण बरोबर आहे, ढोल वाजतो तेव्हा ऱ्हास होऊन गेलेला असतो. हर्रासाच्या आधी दहा वर्षं त्या घरातले दिवे एकेक करून कमी होत होते, ते मी पाहिलंय.

पिंपळपार
मंडळी, काय लिहू, तीन दिवस रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं हा धागा वाचतोय. लेकीने वहीच्या मागच्या पानावर चिन्ह, प्रल्हाद, जान्हवी सगळी यादी उतरवून घेतलीये आणि वर्गातल्या जान्हवीला जाऊन सांगितलं की तुझं नाव संस्कृतात जाह्नवी आहे, ती म्हणे खूप खूष झाली. चरकाच्या श्लोकावर तिचा एक प्रश्न आहे, नाडीपरीक्षा ताई, प्रदूषणाचा ऱ्हास असं लिहिलं तर चालेल का? तिला निबंधाचा शेवट तसा करायचाय. बाईंनी निबंध परत लिहायला सांगितलाय.

आणि कृष्णाकाठ, तुमचं लिहिलेलं मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या आजोबांची कांडी निबंधात घालू का, त्यांना विचारा. तर विचारतोय.

नाडीपरीक्षा
अर्थाने शंभर टक्के बरोबर. बाईंनी गोल केला तर श्लोक दाखव म्हणावं!

कृष्णाकाठ
घाल म्हणावं बाळा. आजं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. फक्त वीत आणि चार बोटं असंच लिही, सेंटिमीटर करू नको.

शुद्धपत्र
पिंपळपार, त्या मुलीच्या सहा लाल गोलांवर मी पहिल्यांदा रागावलो होतो. आता तिला एवढंच सांगा की या काकांनी आज मध्यान्ह शब्द शोधायला स्वतःच्या जुन्या वह्या काढल्या आणि तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला सापडला.

राईनकाठ
उच्चारण ताई, फोनवर र दाबून धरला, टिंबवाला ऱ मिळाला, पाय मोडला, ह दिला. बघा.

ऱ्हास. ऱ्हस्व. कुऱ्हाड. कऱ्हाड. आई कऱ्हाडची आहे, तिला इतकी वर्षं मेसेजमध्ये कराड लिहून पाठवत होतो. आता खिडकीतून दिसतेय त्या नदीचं नाव लिहितो. ऱ्हाईन.